दहा हजारांत चांगली अकूस्टिक गिटार घ्यायचीय? दुकानात जाताना चार जुनी कार्डं सोबत न्या

जून-जुलै आला की दरवर्षी मला तेच फोन येतात. पोरगा अकरावीला गेलाय, गिटार हवी म्हणतोय, किंवा मग नोकरी लागलीय आता शिकायचंच आहे, बजेट आठ-दहा हजार, कुठली घेऊ ते सांग. आणि सगळ्यांना एका ओळीचं उत्तर हवं असतं, अमुक कंपनीचं तमुक मॉडेल. मी ते देत नाही, कारण एकाच मॉडेलच्या शेजारी शेजारी टांगलेल्या दोन गिटारी मी हातात घेऊन बघितल्यात, एक वाजवायला एकदम मऊ आणि दुसरीवर एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या तो) धरला तर मनगट दुखायला लागलं. या किमतीत कारखान्यातून निघताना गिटारवर शेवटचा बारीक हात कुणी फिरवलेला नसतो, त्यामुळे मॉडेल ठरवणं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं काम म्हणजे त्यातला नेमका चांगला नग उचलणं आणि तो नीट लावून घेणं. हा लेख बहुतेक त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे.

माझी पहिली गिटार काळी चकचकीत होती, साडेतीन हजारांची, बाराव्या फ्रेटवर तारा जवळजवळ पाच मिलिमीटर उंच. (गिटारच्या दांड्यावर, म्हणजे नेकवर, ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ते फ्रेट.) दुकानदार म्हणाला नवीन आहे म्हणून कडक वाटते, बोटांना सवय होईल. आठ महिने मी सवय व्हायची वाट बघितली आणि मला वाटत राहिलं की माझ्या बोटांतच जोर नाही. मग एकदा मित्राची गिटार हातात घेतली आणि तोच कॉर्ड पहिल्या झटक्यात स्वच्छ वाजला. त्या दिवशी जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. कितीतरी लोक अशाच गिटारीमुळे शिकणं सोडतात आणि नंतर कायम म्हणत राहतात की आपल्याला संगीत काही जमलं नाही बुवा. त्यांचा दोष नसतो, तारा उंच असतात.

आधी पैसे वाटून घ्या

हातात दहा हजार असतील तर गिटार आठ हजारांपर्यंतचीच बघायची. उरलेले दोन हजार बाजूला काढून ठेवायचे आणि दुकानात कितीही मोह झाला तरी त्यांना हात लावायचा नाही. त्यातून सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची उंची नीट लावून घेणं, करून घ्यायचा, साधारण पाचशे ते हजार रुपये लागतात, शहराप्रमाणे कमीजास्त. तारांचा एक चांगला सेट पाचशेच्या आसपास. आत जाड फोम असलेली बॅग सात-आठशे. कॅपो (नेकवर लावायचा चिमटा) आणि दोन-तीन पिक्स दोन-तीनशे. क्लिपवाला ट्यूनर घेतला तर उत्तम, पण पैसे संपले असतील तर फोनवरचं फुकट ॲप चालतं, सुरुवातीला काही अडत नाही.

घासाघीस करताना एक करा, किंमत पाचशेने कमी करा असं म्हणण्याऐवजी त्याच किमतीत सेटअप करून नवीन तारा घालून द्या म्हणा. दुकानात काम करणारा माणूस असेल तर दुकानदार याला पटकन तयार होतो, आणि तुम्हाला त्याचा पाचशे रुपयांपेक्षा जास्त फायदा होतो. फुकट मिळणारी बॅग मात्र बहुतेक वेळा पातळ कापडाची असते, ती धूळ अडवते, धक्का नाही. लोकलने किंवा एसटीने जाणार असाल तर फोमवालीच घ्या.

कोण वाजवणार, काय वाजवणार

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आणि स्टीलच्या तारांची अकूस्टिक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदी-मराठी गाणी म्हणत कॉर्ड वाजवायचे असतील तर स्टीलवाली घ्या. नायलॉन बोटांना मऊ लागते हे खरं, पण तिचा नेक रुंद असतो, नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला, साधारण ५२ मिलिमीटर, स्टीलवालीचा ४३ च्या आसपास. आणि नायलॉनच्या गिटारला चुकूनही स्टीलच्या तारा लावू नका. स्टीलच्या १२ च्या (पहिली तार ०.०१२ इंच जाड) सेटचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो, म्हणजे एक मोठा माणूस ब्रिजला, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीला, लटकल्यासारखं, क्लासिकल गिटार त्यासाठी बनवलेलीच नसते, ब्रिज उखडून हातात येतो.

आता साईज. दुकानात जी सगळ्यात जास्त दिसते ती ड्रेडनॉट, रुंद खांद्यांची, ४१ इंची. हा आकार मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये पहिल्यांदा बनवला आणि नाव घेतलं ब्रिटिश युद्धनौकेवरून, तेव्हाच्या मानाने ती अवाढव्य वाटत होती म्हणून. आवाज भरदार, गाण्याला साथ करायला छान. पण उंची कमी असेल, खांदे लहान असतील, तर ड्रेडनॉटवरून उजवा हात टाकताना खांदा वर चढतो आणि अर्ध्या तासात पाठ भरून येते. अशांनी कॉन्सर्ट किंवा ऑडिटोरियम आकाराची, कंबरेत निमुळती गिटार मांडीवर घेऊन बघावी. आठ-दहा वर्षांच्या मुलांना थ्री-फोर्थ साईज. मुलगा मोठा होईल म्हणून मोठीच घेऊन ठेवू हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, गिटारला नाही.

ऑनलाईन दोन-अडीच हजारात कॉम्बो मिळतात, ३८ इंची गिटार, बॅग, पट्टा, पिक्स, जादा तारा, सगळं एकत्र. फोटोत ती मोठीच दिसते पण ३८ इंच म्हणजे बॉडी लहान, आवाज डब्यासारखा, आणि मुख्य म्हणजे पुष्कळदा नेकमध्ये ॲडजस्ट होणारा ट्रस रॉडच नसतो. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत बसवलेली लोखंडी सळई, ॲलन कीने पिळली की नेकचा बाक कमीजास्त करता येतो. ती नसेल तर दोन पावसाळ्यांनंतर नेक वाकला की वाकला, कुणी काही करू शकत नाही. बजेट खरंच तीन हजारच असेल तर नवीन घेऊच नका, सरळ सेकंडहँडच्या भागाकडे जा, खाली सांगितलंय.

पिकअपवाली, म्हणजे वायर लावून स्पीकरला जोडता येते ती, पहिली गिटार म्हणून घेऊ नका. या बजेटमध्ये दीड-दोन हजार त्या इलेक्ट्रॉनिक्सवर जातात आणि तेवढे लाकडातून आणि कामातून कापले जातात. स्टेजवर जायची वेळ येईल तेव्हा साउंडहोलला, म्हणजे बॉडीवरच्या गोल भोकाला, लावायचा पिकअप वेगळा मिळतो.

लाकडाबद्दल, थोडक्यात

वरची फळी, जिला टॉप म्हणतात, ती एकसंध लाकडाची असेल तर सॉलिड टॉप, आणि पातळ थर चिकटवून केलेली असेल तर लॅमिनेट. बहुतेक वेळा ती स्प्रूसची असते. सॉलिड टॉपचा आवाज जास्त खुलतो आणि वाजवत राहिलं की वर्षागणिक अजून मोकळा होतो. दहा हजारांच्या आत मात्र जवळपास सगळं लॅमिनेटच मिळतं, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे रत्नागिरीत, मुंबईत, गोव्यात जुलैमध्ये भिंतींना ओल येते आणि नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. सॉलिड लाकूड ओलीत फुगतं, कोरड्यात आकसतं आणि कधी कधी तडकतं, लॅमिनेट हे सगळं बऱ्यापैकी सोसतं.

विकणारा सॉलिड टॉप म्हणत असेल तर साउंडहोलच्या कडेला नीट बघा. वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून खाली तशाच सलग उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड, आणि कडेला सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. कडेला काळा रंग फासलेला असेल तर ओळखता येत नाही, मग मॉडेल नंबर कंपनीच्या साईटवर तपासा.

मॉडेल कुठलं

बजेट जरा ताणता आलं तर आठ ते अकरा हजारांच्या आसपास यामाहाची एफ २८० आणि एफ ३१० या दोन गिटारी मी डोळे झाकून यादीत घालतो, लॅमिनेट आहेत, दिसायला साध्या आहेत, पण नगानगात फरक कमी निघतो. एफ ३१० चा स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ६३४ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या साधारण ६५० पेक्षा थोडा आखूड, त्यामुळे लहान बोटांना ती जरा सोपी जाते. फेंडरची एफए सिरीज आणि कॉर्टची एडी ८१० याच पट्ट्यात बघण्यासारख्या. कधी बजेट पंधरा-वीसपर्यंत वाढलं तर मग सॉलिड टॉपकडे जा, यामाहा एफजी ८०० किंवा फेंडर सीडी ६० एस. किमती वर्षभरात हलतात म्हणून घ्यायच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी विचारा.

पाच-सहा हजारांत भारतीय ब्रँडच्या बऱ्याच गिटारी मिळतात आणि त्यातल्या काही खरंच चांगल्या निघतात, फक्त नगानगात फरक जास्त, त्यामुळे त्या ऑनलाईन मागवण्यापेक्षा हातात घेऊन, खालच्या सगळ्या तपासण्या करूनच घ्या.

दुकानात काय करायचं

सोबत काय न्यायचं ते आधी. चार जुनी प्लास्टिकची कार्डं, एटीएमचं, पॅनचं, कुठलंही, फक्त आकडे उठावाचे नकोत, सपाट हवीत. या कार्डांची जाडी जगभर ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर, त्यामुळे तुमच्या खिशातच मोजपट्टी तयार असते. एक ए-फोरचा साधा कागद. एक व्हिजिटिंग कार्ड. फोनवर ट्यूनर ॲप. आणि वाजवता येणारा मित्र असेल तर तो, नसेल तरी अडत नाही, यातल्या बऱ्याच तपासण्या एकही कॉर्ड न येणाऱ्या माणसालाही करता येतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, रविवारी संध्याकाळी दुकानात दहा जण एकदम गिटार छेडत असतात, काही ऐकू येत नाही. मुंबईजवळ असाल तर धोबीतलावला एक चक्कर माराच, फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं नाव तिथलंच, आणि चार वेगवेगळ्या आकारांच्या गिटारी एका दिवसात मांडीवर घेऊन बघता येतात.

सगळ्यात आधी गिटार ट्यून करायला सांगा, किंवा ॲप लावून स्वतः करा. जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. ढिल्या तारांवर केलेली कुठलीही तपासणी खोटी असते, कारण ताण आल्याशिवाय नेक त्याच्या खऱ्या आकारात येत नाही. ट्यून करतानाच खुंट्यांवर लक्ष ठेवा, खुंटी फिरवली आणि सूर हललाच नाही, मग एकदम उडी मारली, असं होत असेल तर एक तर खुंटी खराब आहे किंवा नटच्या खाचेत तार अडकतेय.

मग नेक. गिटारचं डोकं डोळ्यासमोर धरून बॉडीच्या दिशेने बघा, सुतार फळी सरळ आहे का बघतो ना, अगदी तसं. दोन्ही कडा सारख्या दिसायला हव्यात. एक कड सरळ आणि दुसरी वळलेली असेल तर नेकला पीळ बसलाय, गिटार खाली ठेवून द्या, पीळ निघत नाही. आता सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड, पहिल्या फ्रेटवर दाबा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाबा, म्हणजे ती तार एक ताठ फूटपट्टी झाली. मित्राला सातव्या फ्रेटपाशी तारेखाली कागद सरकवायला सांगा. दुहेरी घडी केलेला कागद, म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर, तारेला जेमतेम लागून गेला तर झकास. व्हिजिटिंग कार्ड सैल जात असेल तर बाक जास्त आहे, आणि कागदच जात नसेल तर नेक फार सरळ किंवा उलटा वाकलाय. ही गोष्ट ट्रस रॉडने सुधारते, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण ट्रस रॉड आहे ना एवढं बघून घ्या, साउंडहोलमधून आत नेकच्या टोकाला किंवा डोक्यावरच्या छोट्या झाकणाखाली ॲलन कीची जागा दिसते.

आता कार्डं काढा, यासाठीच आणलीत. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर, सहाव्या तारेखाली, कार्डांचे कोपरे एकावर एक सरकवा. तीन कार्डं, म्हणजे २.३ मिलिमीटर, तारेला किंचित टेकून बसली तर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, छान आहे, अशीच घरी न्या. चार कार्डं सहज आत गेली तर ॲक्शन तीन मिलिमीटरच्या वर, नवशिक्याच्या बोटांना ती दुखवणार. पहिल्या, बारीक तारेखाली दोन कार्डं मोकळी जावीत आणि तिसऱ्याने तार उचलली जावी. चार कार्डं गेली म्हणून लगेच गिटार नाकारू नका, आधी ब्रिजकडे बघा.

ब्रिजवर जी पांढरी पट्टी असते, जिच्यावरून तारा जातात, ते सॅडल. ते खालून घासून बुटकं केलं की तारा खाली येतात. हिशेब असा की बाराव्या फ्रेटवर एक कार्ड उतरवायचं असेल तर सॅडलमधून दोन कार्डांएवढं घासावं लागतं. म्हणून सॅडल ब्रिजच्या लाकडावर किती उभं आहे ते बघायचं. चार कार्डांएवढं, म्हणजे तीन मिलिमीटर किंवा जास्त, वर दिसत असेल तर घासायला जागा आहे, ॲक्शन उंच असली तरी सेटअपमध्ये खाली येईल. पण ॲक्शनही उंच आणि सॅडलही आधीच लाकडापर्यंत घासलेलं, असं असेल तर नेकचा बॉडीशी कोनच बिघडलाय, आणि तो दुरुस्त करायला गिटारच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण दुकानदार तुम्हाला हे सांगणार नाही आणि सेकंडहँड विकणाऱ्याला बिचाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं.

नटपाशी, म्हणजे डोक्याच्या बाजूला, अजून एक बघा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते पाहा. अगदी केसभर असावी. ठळक फट दिसली तर नटच्या खाचा उथळ आहेत, आणि एफ कॉर्ड जीव खाणार. खाच खोल करणं सोपं आहे पण फायलीने आणि सावकाश, म्हणून हे काम जाणकाराचं. फट अजिबात नसेल आणि मोकळी तार झणझणत असेल तर खाच जास्त खोल गेलीय.

झणझण वरून आठवलं. आपल्याकडे मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात, घोडीचा पृष्ठभाग मुद्दाम असा घासतात की तार तिला पुसटशी चाटत राहावी आणि सुराला ती गुंजन यावी, फार कसबाचं काम आहे, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. गिटारला मात्र तीच गोष्ट दोष. म्हणून प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेक करून दाबा आणि मध्यम जोराने छेडा, सहा तारा, पहिले बारा-चौदा फ्रेट, पाच मिनिटांचं काम, दुकानदार बघत असला तरी लाजू नका. सगळीकडेच थोडं झणझणत असेल तर नेक फार सरळ आहे, सेटअपने जाईल. एकाच जागी झणझणत असेल आणि बाकी सगळं स्वच्छ, तर तिथला पुढचा फ्रेट वर आलाय, दुसरा नग मागा.

नंतर सूर. बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोब्बर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा आणि लगेच उचला, घंटेसारखा हार्मोनिक येतो. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर जवळजवळ सारखेच यायला हवेत, काटा चार-पाच सेंटच्या (ट्यूनरवरचं सुराचं बारीक माप) पलीकडे गेला तर वरच्या पट्ट्यांत गिटार बेसूर होणार. तारा गंजलेल्या असतील तरीही असं होतं, ॲक्शन फार उंच असेल तरी होतं कारण दाबताना तार ताणली जाते, त्यामुळे नवीन तारा आणि बरी ॲक्शन असूनही सूर चढत असेल तरच ब्रिज चुकीच्या जागी चिकटवलाय असं समजा. तो नग नको.

शेवटी हात फिरवा. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात वरखाली न्या, फ्रेटची टोकं टोचतायत का ते बघा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली तो कागद सरकवून बघा, आत गेला तर ब्रिज उखडायला लागलाय. ब्रिजच्या मागे टॉप पोटासारखा फुगलाय का ते आडवं धरून उजेडात बघा, थोडासा उंचवटा स्वाभाविक आहे, टेकडी नको. बॉडीवर सगळीकडे बोटाच्या पेराने टकटक करा, कुठे आत काही खडखडलं तर आतली एखादी पट्टी सुटलीय.

एवढं सगळं पास झालं की मगच आवाजाकडे जा. दोन-तीन गिटारी पास झाल्या असतील तर मित्राला तुमच्याकडे पाठ करून प्रत्येकीवर एकच कॉर्ड, एकच ठेका वाजवायला सांगा, कंपनीचं नाव डोळ्यांना न दिसता कानांनी निवडा. नवीन तारांची गिटार जास्त खणखणीत वाटते एवढं मनात धरा, ती खणखण महिन्याभरात उतरते. कॉर्ड सोडल्यावर आवाज किती वेळ टिकतो आणि जाड तारा बारीक तारांना गिळत तर नाहीत ना, मी एवढंच ऐकतो. आणि दिसायला तुम्हाला आवडलेली गिटार निवडली तर त्यात काही चूक नाही, रोज हातात घ्यावीशी वाटणं हेही महत्त्वाचंच.

सेकंडहँड

कमी पैशांत सगळ्यात चांगली गिटार इथेच मिळते असं माझं ठाम मत आहे. उत्साहाने घेतलेल्या आणि सहा महिन्यांत कपाटावर गेलेल्या गिटारी प्रत्येक सोसायटीत असतात. पुण्यात मे-जूनमध्ये इंजिनिअरिंगची पोरं रूम सोडून जातात तेव्हा ओएलएक्सवर आणि कॉलेजच्या ग्रुपवर बघत राहा, दहा हजारांची गिटार साडेपाच-सहाला मिळून जाते. नवीन किमतीच्या साठ टक्क्यांवर मी सहसा जात नाही, आणि तारा गंजलेल्या असतील तर नवीन सेटचे पैसे त्यातून कमी करून मागतो.

तपासण्या त्याच, कार्डंही तीच. वर अजून तीन. नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे आणि डोकं जिथे नेकला मिळतं तिथे नखाने चाचपून बघा, पडून तुटलेली आणि चिकटवलेली गिटार तिथेच कळते. साउंडहोलमधून फोनचा टॉर्च टाकून आत बघा, वाळवी, बुरशी, गोंदाचे ओघळ. आणि वास घ्या, कुबट वास येत असेल तर ती ओलीत पडून होती. पूर्ण तारा काढून ठेवलेली गिटार विकायला असेल तर मी तारा लावल्याशिवाय पैसे देत नाही, ताणाखाली ती काय करते ते बघितल्याशिवाय काही कळत नाही. भेटायचं ते दिवसा, आणि पैसे आधी पाठवायचे नाहीत, गिटार कितीही स्वस्त असली तरी.

ऑनलाईन मागवायचीच असेल तर

गावात दुकान नाही, जिल्ह्याच्या ठिकाणीही चार-पाचच गिटारी टांगलेल्या, अशी स्थिती अर्ध्या महाराष्ट्रात आहे, तेव्हा ऑनलाईन घेण्यात कमीपणा नाही. फक्त परत करायची मुदत किती आणि आलेल्या नगात दोष असेल तर बदलून मिळतो का हे आधी वाचा. वाद्यांच्याच साईटवरून घ्या, त्यातल्या काही पाठवण्याआधी सेटअप करून देतात, थोडे पैसे जास्त लागले तरी तो पर्याय निवडा. खोकं उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा. आणि खोकं त्याच दिवशी उघडून वरच्या सगळ्या तपासण्या त्याच दिवशी करा, परीक्षा संपल्यावर बघू म्हणत पोरं खोकं ठेवून देतात आणि मुदत निघून जाते.

सेटअप करणाऱ्याला काय सांगायचं

नुसतं सेटअप करून द्या म्हटलं तर बरेच जण ट्रस रॉड अर्धा फेरा फिरवतात आणि पैसे घेतात. तुम्ही असं सांगा: नेकचा बाक आधी बघा, मग नटच्या खाचा, मग सॅडल घासून बाराव्या फ्रेटवर जाड तारेला अडीचच्या आत आणि बारीक तारेला दोनच्या आत आणा, मिलिमीटरमध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. ट्रस रॉड बाक सुधारतो, ॲक्शन उतरवायला तो पिळत बसायचं नाही. आणि तारा कुठल्या लावणार ते आधीच ठरवा, कारण तारांची जाडी बदलली की ताण बदलतो आणि केलेला सेटअप हलतो.

पहिल्या सहा महिन्यांसाठी १० किंवा ११ चा सेट लावा. हे आकडे पहिल्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात. १२ ने आवाज मोठा येतो पण बोटं लवकर थकतात. बोटं घट्ट झाली की मग ११ वरून १२ वर जा. फॉस्फर ब्राँझ तारा घ्या, घाम जास्त येत असेल तर कोटिंगवाल्या, महाग असतात पण किनारपट्टीवर साध्या तारा महिन्या-दीड महिन्यात काळ्या पडतात, त्यामुळे हिशेब बरोबरच बसतो. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसायची सवय लावली तर साध्या तारासुद्धा दुप्पट टिकतात.

पावसाळा आणि गिटार

बाहेरच्या भिंतीला टांगू नका, त्या भिंतीतून ओल येते. पावसाळ्यात वाजवून झालं की बॅगेत, बॅगेत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या, त्या महिन्याने बदलायच्या. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात याच्या उलट, कूलरच्या थेट झोताखाली नको आणि गच्चीलगतच्या तापलेल्या खोलीत नको. आणि गाडीत कधीच ठेवू नका, मे महिन्यात बंद गाडीत गोंद मऊ होतो आणि ब्रिज उचलला जातो, एका दुपारीत. आठवडाभर वाजवणार नसाल तर तारा सैल करायची गरज नाही, दोन-तीन महिने बाहेरगावी जात असाल तर एखाद-दोन सूर उतरवून ठेवा.

सेटअप करून आणलेल्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, सहाव्या तारेखाली किती कार्डं, पहिल्या तारेखाली किती, सातव्या फ्रेटपाशी कागद कसा गेला, तारीख, आणि ती चिठ्ठी बॅगेच्या कप्प्यात टाका. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा कार्डं लावा. तीन होती तिथे चार जायला लागली असतील तर लगेच सॅडल घासायला देऊ नका, कारण पावसात फुगलेलं लाकूड थंडीत आपोआप खाली बसतं आणि मग घासलेल्या सॅडलवर तारा झणझणायला लागतात. महिनाभर थांबा, डिसेंबरमध्ये परत मोजा, तरीही चारच असतील तर चिठ्ठी आणि गिटार दोन्ही घेऊन त्याच माणसाकडे जा.